टोरोंटोतला पहिला हिवाळा: एकाच पार्क्यात ऑफिस, संक्रांत आणि बर्फ

टोरोंटोत नोव्हेंबर लागला की नव्याने आलेल्या माणसाची धांदल उडते. स्वेटरवर स्वेटर, त्यावर पुण्याहून आणलेलं जॅकेट, डोक्याला कानटोपी. इतकं करूनही बस थांब्यावर हुडहुडी भरते आणि ट्रेनमध्ये शिरल्यावर पाच मिनिटांत घाम फुटतो. कारण साधं आहे. इथली थंडी दाराबाहेर असते. घरात, ऑफिसात, मॉलमध्ये हीटर २१-२२ अंशांवर चालू असतो.

म्हणून कपड्यांचं गणित असं मांडा: अंगावरचे कपडे आतल्या हवेसाठी, आणि बाहेरची थंडी एकट्या पार्क्याने, म्हणजे हुड असलेल्या जाड, लांब कोटाने, अडवायची. दारात पार्का उतरवला की खाली जे दिसेल, ते त्या प्रसंगाला शोभलं पाहिजे. हे जमलं की तीन-तीन कोट लागत नाहीत. नीट मापाचा एक पार्का पुरतो. बदलायचं ते मफलर, टोपी, हातमोजे आणि बूट.

जवळ असू द्या

- मोजपट्टी (सेंटिमीटरची)
- तुमचा सगळ्यात जाड ब्लेझर, पार्का घ्यायला जाताना अंगात घालण्यासाठी
- मेरिनो लोकरीचे किंवा सिंथेटिक थर्मल, वरचे दोन आणि खालचे दोन
- दोन मफलर: एक गडद लोकरीचा, एक रंगीत
- लोकरीची टोपी. इथले लोक तिला टूक म्हणतात
- हातमोज्यांचे दोन जोड: अस्तर लावलेले चामड्याचे आणि बर्फासाठी जलरोधक मिटन (चार बोटांना मिळून एकच कप्पा असलेले)
- रबरी तळाचे चामड्याचे बूट, आणि खऱ्या बर्फासाठी उंच बूट
- आतले बूट-चपला न्यायला कापडी पिशवी
- कपड्यावरचे धागे-केस काढायचा चिकट रोलर
- पांढरा व्हिनेगर, स्प्रेच्या छोट्या बाटलीत

१. पार्का घेताना आधी लांबी बघा

दुकानात सगळे आधी विचारतात, ‘किती थंडीपर्यंत चालेल?’ तो प्रश्न बरोबर आहे, पण दुसरा. पहिला प्रश्न लांबीचा. कॉलरच्या खालच्या शिवणीपासून पाठीच्या मध्यावरून खालपर्यंत मोजा. पुरुषांचा साधारण ब्लेझर ७४ ते ७८ सेंटिमीटर भरतो. पार्का त्याहून निदान ८ सेंटिमीटर लांब हवा, म्हणजे ८२ ते ८६. त्याहून आखूड घेतलात तर ब्लेझरची कड खालून डोकावते, आणि कितीही महाग पार्का असला तरी ते गबाळं दिसतं. उलट गुडघ्यापर्यंतचा पार्का साडेपाच फुटांच्या माणसाला आणखी बुटका करतो आणि जिना चढताना पायांत येतो. मांडीच्या मध्यावर संपणारा पार्का बहुतेकांना शोभतो.

मग खांदे. ब्लेझर घालून वर पार्का चढवा आणि दोन्ही हात समोर आणून एकमेकांना मिठी मारल्यासारखे धरा. पाठीत ताण आला तर एक माप वरचं घ्या. हात डोक्यावर नेल्यावर मनगट उघडं पडता कामा नये. हात खाली सोडल्यावर बाही अंगठ्याच्या मुळापर्यंत यावी. आता खुर्चीत बसा. चेन पोटाशी फुगली किंवा कॉलर हनुवटीत रुतली तर चेन खालूनही उघडते का ते बघा. दोन्ही बाजूंनी उघडणारी चेन नसलेला पार्का घेऊ नका. बसताना खालून एक वीतभर उघडता आली नाही तर रोज ट्रेनमध्ये बसताना त्रास होतो, आणि सगळा ताण एकाच जागी येऊन चेन लवकर जाते.

रंगाबद्दल ठाम मत असं: पहिला पार्का गडद निळा घ्या. काळ्यावर मिठाचे पांढरे डाग आणि धागे जास्त उठून दिसतात. लष्करी हिरवा जीन्सवर देखणा दिसतो, पण सुटावर थोडा रांगडा वाटतो. निळा दोन्हीकडे चालतो. एक गोष्ट मात्र सगळ्याच गडद रंगांना लागू आहे: डिसेंबरात इथे दुपारी पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि गडद कपड्यातला माणूस गाडीवाल्याला दिसत नाही. बॅगेला किंवा दंडाला चमकणारी पट्टी लावा.

भरण दोन प्रकारचं असतं. डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा गूजच्या छातीवरची मऊ पिसं: हलकी आणि खूप ऊबदार, पण भिजली की गोळा होतात आणि ऊब जाते. सिंथेटिक भरण जड असतं, पण ओलं झालं तरी बरीच ऊब धरतं, मशीनमध्ये धुणं सोपं आणि स्वस्तही. टोरोंटोत पाऊस, ओला बर्फ आणि चिखल भरपूर असतो, त्यामुळे डाऊन घ्यायचाच तर वरचं कापड पाणी अडवणारं हवं. चिठ्ठीवर ६००, ७००, ८०० असे आकडे दिसतील. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम पिसं फुलून किती घन इंच जागा व्यापतात, त्याचा तो आकडा. ६००-७०० पुष्कळ झालं. इथे एक फसगत होते: ८०० लिहिलेल्या पण जेमतेम पिसं भरलेल्या पार्क्यापेक्षा ६००चा, भरगच्च भरलेला पार्का जास्त ऊब देतो. आकडा पिसांचा दर्जा सांगतो, त्यांचं प्रमाण सांगत नाही. पार्का हातात घेऊन खांद्यावर आणि पाठीवर चिमटीत धरून बघा. कप्पे रिकामे लागले तर ठेवून द्या.

हुडच्या कडेची केसाळ पट्टी नुसती शोभेची नाही. पार्का मूळचा आर्क्टिकमधल्या लोकांचा. इन्यूट लोक कॅरिबू हरणं आणि सील यांच्या कातड्याचे पार्के शिवत आणि हुडला केसाळ कड लावत. ती कड वारा फोडते आणि चेहऱ्यासमोर थोडी स्थिर हवा धरून ठेवते. टोरोंटोत १९५७ साली एका छोट्या कारखान्यापासून सुरू झालेल्या कॅनडा गूज या पार्क्यांच्या कंपनीने २०२१ मध्ये खऱ्या फरचा वापर बंद करत असल्याचं जाहीर केलं. आज चांगली कृत्रिम पट्टी सहज मिळते. ती बटणांनी किंवा चेनने सुटणारी असावी, म्हणजे धुताना काढता येते. औपचारिक प्रसंगी पट्टी काढून ठेवली की तोच पार्का साध्या ओव्हरकोटाच्या जवळ जातो.

पैशांचं: दुकानातल्या चिठ्ठीवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. ऑन्टॅरिओत, म्हणजे टोरोंटोच्या प्रांतात, १३ टक्के कर वर लागतो, म्हणजे ३०० डॉलरचा पार्का हातात ३३९ डॉलरला येतो. नोव्हेंबरअखेर आणि २६ डिसेंबरच्या बॉक्सिंग डेला सूट असते, पण उरलेला माल खरा स्वस्त होतो तो फेब्रुवारीत. सप्टेंबरच्या प्रवेशासाठी येणाऱ्यांनी भारतातून पार्का ओझ्यासारखा आणू नये. इथे येऊन, घालून बघून घ्यावा. जानेवारीत उतरणाऱ्यांनी मात्र विमानतळाबाहेर पडण्यापुरतं जाड जॅकेट, टोपी आणि हातमोजे हातसामानात ठेवावेत. चेक-इनच्या बॅगेत नकोत.

२. आत किती घालायचं: तापमान बघून ठरवा

हवामानाच्या अॅपवर दोन आकडे असतात. एक तापमानाचा, दुसरा वाऱ्यासकट किती वाटेल त्याचा. घराबाहेर पडताना दुसरा बघा.

*५ ते उणे ५:* शर्ट आणि पार्का. फार तर पातळ लोकरी स्वेटर. भरभर चालत असाल तर चेन छातीपर्यंत उघडी.

*उणे ५ ते उणे १५:* शर्टाखाली पातळ थर्मल. दहा मिनिटांहून जास्त चालायचं असेल तर पँटखालीही. टोपी आणि मफलर हवेतच.

*उणे १५च्या खाली:* थर्मल वर-खाली, हुड वर, चामड्याच्या हातमोज्यांऐवजी मिटन. वाऱ्यासकट उणे २८च्या खाली आकडा गेला तर उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. कानाची पाळी, नाकाचा शेंडा आणि बोटं आधी बधिर होतात. अशा दिवशी दिसण्याचा विचार बाजूला ठेवा.

सुती गंजीवर थर्मल घालू नका. पुष्कळ जण सवयीने घालतात. सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि ट्रेनमधून बाहेर पडल्यावर तोच घाम पाठीवर गार होतो. थर्मल थेट अंगाला लागून हवं. मेरिनो सर्वात उत्तम. लोकरीचं असूनही बोचत नाही आणि दोन-तीन दिवस वास धरत नाही.

आणि पार्क्याखाली जाड स्वेटर कोंबू नका. पिसांमध्ये अडकलेली हवा ऊब देते. आतून दाबलं की हवा निघून जाते. अंग फुगलेलं दिसतं आणि थंडीही वाजते.

३. ऑफिस आणि मुलाखत

सुटावर पार्का विचित्र दिसेल अशी अनेकांना धास्ती असते. १९६०च्या दशकात ब्रिटनमधली मॉड म्हणवणारी तरुण मंडळी बेतून शिवलेले सूट घालून स्कूटरवर फिरत, आणि सूट खराब होऊ नये म्हणून वरून अमेरिकी लष्कराचे जुने पार्के चढवत. तेव्हा सुटावर पार्का ही जुनी, रुळलेली जोडी आहे. ती बिघडते फक्त मापामुळे.

घालण्याची पद्धत अशी ठेवा:

अ) ब्लेझरचं बटण आधी लावा.
आ) ब्लेझरच्या बाहीची कड बोटांनी मुठीत धरून मग हात पार्क्यात घाला. नाहीतर ब्लेझरची बाही कोपरापर्यंत गोळा होते आणि दिवसभर सुरकुतलेली दिसते.
इ) मफलर लांबीत दुमडून मानेमागून पुढे घ्या आणि दोन्ही टोकं छातीवर सपाट, ब्लेझरच्या आत सोडा. गाठ मारू नका, टायची गाठ दबते.
ई) चेन वरून चार बोटं उघडी ठेवा. पार्क्याला कंबरेशी आतली दोरी असेल तर थोडीशी आवळा, म्हणजे पिंपासारखा आकार राहत नाही.

ऑफिसच्या पँटची तळकड बुटाला जेमतेम टेकेल इतकीच ठेवा. घोट्यावर चुण्या पडणारी लांब पँट रस्त्यावरचं मिठाचं पाणी शोषते आणि दुपारपर्यंत कडेला पांढरी रेघ उमटते. बूट चामड्याचे, पण तळ रबराचा. चामडी तळाचे बूट बर्फावर सरकतात आणि मीठ त्यांना महिनाभरात फोडून टाकतं. ऑफिसात टेबलाखाली एक जोड कायमचा ठेवता आला तर उत्तम. मग रस्त्यावर उंच बूट बिनधास्त घाला.

युनियन स्टेशनाला, म्हणजे डाउनटाउनमधल्या मुख्य रेल्वे स्थानकाला, उतरून जाणाऱ्यांसाठी एक सोय आहे. डाउनटाउनखाली पाथ नावाचं भुयारी रस्त्यांचं जाळं आहे, ३० किलोमीटरहून लांब, इमारतींना आतून जोडणारं. तुमचं ऑफिस त्याला जोडलेलं असेल तर रोज बाहेर चालणं पाच-सात मिनिटांचंच उरतं, आणि आर्क्टिकला पुरेल असा जाड पार्का घेऊन भुयारात घामाघूम होण्यात अर्थ नाही. मध्यम जाडीचा घ्या. पाथमध्ये शिरताच टोपी, मफलर आणि चेन काढा. घाम येईपर्यंत थांबू नका.

मुलाखतीला १५ मिनिटं आधी पोहोचा. ती मिनिटं कपड्यांसाठी लागतात. आधी प्रसाधनगृहात जा. टोपीने चपटे झालेले केस ओल्या हाताने सारखे करा. थंडीतून आल्यावर नाक वाहतं, ते पुसा. ब्लेझरवरून रोलर फिरवा. मग पार्का अस्तर बाहेर येईल असा लांबीत दुमडून डाव्या हातावर घ्या, उजवा हात हस्तांदोलनासाठी मोकळा. हातमोजे आणि टोपी बाहीत खुपसा, खिशातून लोंबकळू देऊ नका. पार्का घालूनच खोलीत शिरणं आणि खुर्चीच्या पाठीवर त्याचा ढीग करणं, या दोन गोष्टी टाळा. बहुतेक ठिकाणी स्वागतकक्षात कोट टांगायची जागा असते, ती विचारा.

कधी शिवणीतून एखादं पीस डोकावतं. ते बाहेर ओढायचा मोह होतो. ओढू नका. एका पिसाच्या मागे दुसरं येतं आणि भोक मोठं होतं. अस्तराच्या बाजूने त्याच जागी चिमटीत धरा आणि पीस आत ओढून घ्या, मग बोटाने कापड चोळा, भोक मिटतं.

४. सुट्टीचा दिवस, मित्रांबरोबर जेवण

इथे फार विचार लागत नाही. अंगावर पार्का फुगीर असतो, म्हणून खाली अगदी चिकटलेली जीन्स नको. काड्यांवर पेटी ठेवल्यासारखं दिसतं. सरळ कटाची जीन्स किंवा जाड कॉर्डरॉय घ्या. रंगीत मफलर याच दिवसांसाठी: मधोमध दुमडा, मानेमागून पुढे आणा, दोन्ही टोकं दुमडीच्या फासातून ओढा. सगळ्यात ऊबदार गाठ हीच. रंगाचा एकच कपडा ठेवा. मफलर लाल तर टोपी करडी.

हॉटेलात बसताना पार्का खुर्चीवर टाकला तर बाह्या जमिनीवर लोळतात आणि तिथे सगळ्यांच्या बुटांचं खारट पाणी असतं. बाह्या आत घालून, अस्तर बाहेर करून पाठीवर अडकवा.

५. मंडळाचा कार्यक्रम, संक्रांत, लग्न: कुर्ता आणि पार्का

इथे खरी अडचण येते, आणि इंग्रजी फॅशनच्या सल्ल्यांत तिचं उत्तर सापडत नाही. आपला नेहमीचा कुर्ता ९७ ते १०७ सेंटिमीटर लांब असतो. पार्का ८५. म्हणजे वीतभर कुर्ता खालून बाहेर राहतो. दिसायला तर वाईटच, पण गाडीत चढताना ती कड दाराच्या उंबऱ्यावरच्या बर्फाला घासते आणि रेशमी कापडावर मिठाची रेघ वाळते. ती पुसून जात नाही.

तीन वाटा आहेत.

पहिली, हिवाळ्यासाठी आखूड कुर्ता शिवून आणा, ७६ ते ८० सेंटिमीटरचा. वर बंडी. बंडी आधीच ऊब देते, खांद्यात भर नसल्याने पार्क्याखाली सहज बसते आणि हॉलमध्ये पार्का काढल्यावर पेहराव पूर्ण दिसतो. भारतातून येताना कपड्यांत एकच भर घालायची असेल तर लोकरी कापडाची बंडी आणा; ब्लेझरपेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

दुसरी, लांब कुर्ता हँगरवर, कपड्याच्या पिशवीत न्या आणि हॉलवर बदला. पैठणीच्या काठाचा किंवा जरीचा कुर्ता असेल तर हेच करा. पार्क्याच्या आतली चेन आणि वेल्क्रो जरीचे धागे ओढतात.

तिसरी वाट घाईतली: कुर्त्याची कड कंबरेपर्यंत वर सैल उचलून पार्क्याची आतली दोरी त्यावर बांधायची. सुती कुर्त्याला चालतं. रेशमाला नको, घडी पडते.

खाली चुडीदार असेल तर सोपं, बुटांत नीट बसतो. सैल पायजमा असेल तर पाय लांब लोकरी मोज्यांत खोचा आणि आत थर्मल घाला. पायजम्याचं कापड वाऱ्याला काहीच अडवत नाही, हे पार्किंगमधून चालताना लगेच कळतं. कोल्हापुरी पिशवीतून न्या. मीठ आणि ओल लागली की तिचं चामडं कडक होऊन वळतं. हॉलच्या दारात बूट काढून कोल्हापुरी घाला, निघताना पुन्हा उलट. फेटा किंवा टोपीही आतच चढवा. हुडखाली फेटा चेपतो आणि तुरा मोडतो.

संक्रांतीला काळं घालायची आपली पद्धत इथे फार सोयीची पडते. काळा आखूड कुर्ता, करडी बंडी, वर निळा पार्का, आणि मफलर हलव्याच्या दागिन्यांसारखा पांढरा. काळा पार्का असेल तर तो त्या दिवशी मिरवून घ्या.

आता घरगुती कार्यक्रमातली गोष्ट. यजमान सगळ्यांचे कोट आतल्या खोलीत पलंगावर रचतात. रात्री अकराला तिथे पंचवीस पार्क्यांचा ढीग असतो, त्यातले वीस काळे, त्यातले चार एकाच दुकानातले आणि एकाच मापाचे. दुसऱ्याचा पार्का घालून घरी जाणं अगदी नेहमीचं आहे, आणि खिशात किल्ल्या असतील तर मध्यरात्री फोनाफोनी होते. कॉलरच्या आतल्या अडकवणीला रंगीत दोरा बांधा, आतल्या खिशात नाव आणि फोन नंबराची चिठ्ठी ठेवा. किल्ल्या, पाकीट, फोन आणि प्रवासाचं कार्ड पार्का काढण्यापूर्वी स्वतःच्या खिशात घ्या. तिळगुळाचा लाडूही पार्क्याच्या खिशात राहू देऊ नका. ढिगाखाली, हीटरच्या ऊबेत गूळ मऊ पडतो, अस्तराला चिकटतो, आणि खिशाचं अस्तर पूर्ण उलटं होत नसल्यामुळे तो खरवडूनही निघत नाही.

लग्नाच्या हॉलमध्ये बहुधा कोट ठेवायला माणूस असतो. तो बिल्ला देतो, तो बंडीच्या खिशात ठेवा. फोटोंच्या आधी पार्का तिथे गेलाच पाहिजे. बाहेर बर्फात फोटो काढायचे असतील तर पार्क्याची चेन पूर्ण उघडून, बंडी दिसेल असा उभा राहा. दोन मिनिटं कळ निघते.

६. बर्फ काढणं, मुलांबरोबर घसरगुंडी

फावड्याने बर्फ काढणं म्हणजे व्यायाम. दहा मिनिटांत अंग तापतं. जाड पार्का घालून हे काम करू नका. थर्मल, लोकरी स्वेटर आणि वर पातळ वाराबंद जॅकेट पुरे. पार्का घालायचाच असेल तर बगलेच्या चेन उघडा. मुलांना टेकडीवर घसरगुंडीला नेताना उलट: तुम्ही नुसते उभे असता, मुलं पळत असतात. तेव्हा पार्का, मिटन, उंच बूट आणि पँटवरून जलरोधक पँट. त्या दिवशी लांब मफलर नको, घसरगाडीत अडकतो. गळ्याला नळीसारखी पट्टी घाला.

७. गाडीत आणि ट्रेनमध्ये

गाडी चालवताना जाड पार्क्यावरून पट्टा बांधला तर तो अंगाला बसत नाही. अपघातात फुगवटा दबतो आणि पट्टा सैल पडतो. चेन उघडा, दोन्ही बाजू मागे सारा, पट्टा कंबरेला आणि छातीला लागून घ्या. मुलांच्या सीटमध्ये तर फुगीर कोट काढूनच पट्टा बांधायचा आणि वरून पांघरूण द्यायचं.

ट्रेनमध्ये पाठीवरची बॅग पुढे घ्या. रोज खांद्यावर बॅग असेल तर तिथली पिसं दबतात आणि कापड घासून चकाकतं. हातात धरायची बॅग पार्क्याला जास्त मानवते.

८. डाग, धुणं आणि उन्हाळ्यात ठेवणं

रस्त्यावर टाकलेलं मीठ पार्क्याच्या कडेवर आणि बुटांवर पांढरं वाळतं. पाणी आणि पांढरा व्हिनेगर समप्रमाणात घेऊन फडक्याने टिपा, नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने. त्याच दिवशी करा. आठवडा गेला तर चामड्यावर डाग बसतो.

हंगामात एकदा, शेवटी, धुवा. आधी आतली चिठ्ठी वाचा, काही पार्के फक्त ड्राय क्लीनिंगचे असतात. मशीनमध्ये चालत असेल तर:

अ) केसाळ पट्टी काढा, खिसे रिकामे करा, सगळ्या चेन आणि वेल्क्रो बंद करा.
आ) समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये, ३० अंशांवर, हलक्या फेरीत. मधोमध दांडा असलेल्या मशीनमध्ये कप्प्यांच्या शिवणी उसवतात.
इ) डाऊनसाठीचा खास साबण वापरा. कपडे मऊ करणारं द्रव अजिबात नको, पिसं एकमेकांना चिकटतात.
ई) एक जादा फेरी साध्या पाण्याची.
उ) ड्रायरमध्ये मंद आचेवर, सोबत तीन स्वच्छ टेनिस बॉल. दर अर्ध्या तासाला काढून गुठळ्या बोटांनी मोकळ्या करा. दोन ते तीन तास लागतात.

पहिल्या तासानंतर पार्का वरून कोरडा लागतो आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. आतल्या पिसांत ओल राहते, कपाटात कुबट वास येतो आणि पुढच्या वर्षी तो हॉलभर पसरतो. उजेडासमोर धरून बघा. गडद गोळे दिसले तर अजून वाळायचा आहे. पाण्याचे थेंब कापडावरून ओघळण्याऐवजी मुरायला लागले असतील, तर वाळल्यावर पाणी अडवणारा स्प्रे मारा.

एप्रिलमध्येही इथे बर्फ पडतो, म्हणून मे उजाडेपर्यंत पार्का आत टाकू नका. ठेवताना रुंद लाकडी हँगरवर, सुती कापडाच्या खोळीत टांगा. हवा शोषून घेणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या जागा वाचवतात, पण सहा महिने दाबून राहिलेली पिसं पूर्ण फुलत नाहीत. काढलेली केसाळ पट्टी आणि सुटं बटण आतल्या खिशात घालून खिशाची चेन लावून टाका.